जुना कॉम्प्युटर भंगारात देताय? आधी हे तपासा

बेंबळी (ता. धाराशिव) : शाळेची खोली आवरताना किंवा दुकानाचा माळा झाडताना पेटीएवढा मॉनिटर आणि पिवळा पडलेला सीपीयू निघतो. भंगारवाला किलोवर उचलतो, विषय संपतो. पण असेच डबे शोधत काही हौशी संग्राहक भंगार बाजार पालथे घालतात.

ते काय शोधतात?

डॉसच्या काळात कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं आपोआप उमटत नव्हती. त्यासाठी आत 'जिस्ट कार्ड' बसवायचे. हे तंत्र आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं, पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं. याच सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. असं कार्ड, ३८६-४८६ चे बोर्ड, चालू फ्लॉपी ड्राइव्ह, सोबतच्या फ्लॉप्या आणि माहितीपुस्तिका यांना संग्राहक विचारतात.

लाखो रुपये मिळतात का?

१९७६ चा 'अ‍ॅपल-१' २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला. पण ते नगच सुमारे २०० बनले होते. आपल्या घरच्या साध्या पेंटियमला तसा भाव नाही. 'लाखो देतो, आधी नोंदणी फी भरा' असा फोन आला तर ती फसवणूक समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

देण्याआधी एवढं करा

- वर्षानुवर्षे बंद असलेला कॉम्प्युटर थेट प्लगला लावू नका. पॉवर सप्लायमधले जुने भाग फुटू शकतात.
- बोर्डावरचा सेल बघा. तो पाझरला की बोर्ड खातो. जाणकाराकडून काढून घ्या.
- हार्डडिस्कमध्ये बचत गटाचे हिशेब, कागदपत्रं, फोटो असतात. आधी कॉपी करा, मग डिस्क पुसून द्या.
- मॉनिटर फोडू नका. काचेत शिसं असतं, बंद केल्यावरही आत जोराचा झटका बसण्याइतकी वीज राहू शकते. तांब्यासाठी वायर, बोर्ड जाळू नका, धूर विषारी असतो.
- शाळा, ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर डेडस्टॉक रजिस्टरला असतो. निर्लेखनाची मंजुरी घेतल्याशिवाय विकू नका.

जुन्या फ्लॉपीतला मजकूर उघडायला तसाच जुना ड्राइव्ह लागतो. तो हातोड्याखाली गेला, की फ्लॉपीतला हिशेबही गेलाच म्हणायचा. म्हणून काट्यावर टाकण्याआधी एकदा झाकण उघडून बघा.