मुमुकूच्या तोंडावर

हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर मौना केआ (4,207 मीटर) आणि कोहाला या दोन डोंगरांमध्ये वायमेआची खिंड आहे. ईशान्येकडून समुद्र ओलांडून येणारे व्यापारी वारे या खिंडीत शिरतात, चेपले जातात आणि पलीकडच्या उतारावरून कावाइहे बंदराकडे सुसाटत खाली येतात. तिथले लोक या वाऱ्याला ‘मुमुकू’ म्हणतात. आयर्नमन जागतिक स्पर्धेचा 180 किलोमीटरचा सायकलमार्ग नेमका त्याच्या तोंडावरून जातो.

माझ्या स्पर्धेच्या दिवशी कायलुआच्या उपसागरात 3.8 किलोमीटर पोहून सायकल हाती घेतली, तेव्हा सकाळ शांत होती. क्वीन काआहुमानू हायवेच्या दोन्ही बाजूंना थिजलेला काळा लाव्हा, झाडाची सावली कुठेच नाही. या शांततेत पाय आपोआप जोर लावू पाहतात. मी पॉवर मीटरवरचा वॅटचा आकडा धरून बसले होते.

कावाइहेला वळून अकोनी पुले हायवेने हावीकडे चढू लागलं की उजवीकडून, डोंगराच्या बाजूने मारा सुरू होतो. हा वारा सलग येत नाही. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या सोबतीने मी सराव केला होता. तिथला वारा दमवतो, पण एकदा अंगवळणी पडला की त्याचा अंदाज येतो. इथे झोत तुटक येतात. रस्ता डोंगर कापून काढलेल्या जागी शिरला की क्षणभर सगळं थांबतं. कड संपली की बाजूने धक्का बसतो. म्हणून नजर रस्त्याइतकीच उतारावरच्या वाळक्या गवतावर ठेवावी लागते. वरचं गवत आडवं पडलं, की झोत आता माझ्यावर येणार हे कळतं.

झोत धरतो तो मुख्यतः पुढच्या चाकाला. खोल रिमवर आडवी हवा आदळली की हँडल स्वतःहून वळू लागतं. मागच्या चाकाला बसवायची संपूर्ण बंद डिस्क वेगासाठी उत्तम, पण कोनामधल्या या स्पर्धेत तिला या वाऱ्यामुळेच बंदी आहे. माझ्यासारख्या कमी वजनाच्या बाईला पुढच्या चाकाची रिमही उथळ निवडावी लागते. मग काम उरतं शरीराचं. मूठ सैल, कोपरं मऊ, वजन मागे बैठकीवर, गुडघे आडव्या नळीच्या जवळ आणि पेडल चालूच. सायकल वाऱ्याच्या बाजूला थोडी कलती ठेवूनच पुढे जायचं. खरा धोका झोत येतो तेव्हापेक्षा तो एकाएकी थांबतो तेव्हा असतो: ज्याच्यावर रेललो होतो तेच नाहीसं होतं आणि सायकल डोंगराच्या बाजूला झुकते.

दुसऱ्याला मागे टाकतानाही हेच. नियमाप्रमाणे दोन सायकलींत 12 मीटरचं अंतर हवं, त्यामुळे कुणाच्या पाठीआड लपता येत नाही. डावीकडून पुढे जाताना मात्र काही क्षण त्या सायकलस्वाराचा आडोसा मिळतो. तो संपतो तिथे हँडल सांभाळायला तयार राहावं लागतं.

खाणंपिणं ही वेगळीच कसरत. तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत आणि त्यासाठी एक हात सोडावा लागतो. दोन्ही हातांच्या मधे नळीची बाटली असते ती पिण्यासाठी तरी हात सोडावा लागू नये म्हणून. वाऱ्यात घाम अंगावर टिकत नाही, बाहीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, आणि अंग कोरडं म्हणून तहानही फसवते. मी घड्याळ बघून प्यायचे, तहानेवर विसंबून नाही.

हावीच्या आधीच्या शेवटच्या दहा-अकरा किलोमीटरांत वारा बहुधा थेट समोर येतो. इथे हिशोब समजून घ्यायला हवा. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाताना समोरून तेवढाच वारा आला, तर हवेचा विरोध चौपट होतो. तोच वेग राखायला हवेविरुद्ध चौपट शक्ती लागेल, आणि ती कुणाकडेच नसते. परतीचा वारा हे नुकसान भरून काढील, असं अनेकांना वाटतं. समजा, 90 किलोमीटर ताशी 25 ने गेलात आणि 40 ने परतलात. वेगांची सरासरी साडेबत्तीस दिसते, पण वेळ लागतो 5 तास 51 मिनिटं. सलग साडेबत्तीसने गेलं तर 5 तास 32. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो, म्हणून हा फरक. यावर उपाय एकच: वेग बघायचा नाही, वॅट तेवढेच ठेवायचे. बाजूने कुणी उभं राहून पेडल मारत पुढे गेलं तरीही.

हावीला वळलं की चढाचा उतार होतो. मला तो चढापेक्षा अवघड वाटतो. वारा आता डावीकडून, वेग दुप्पट, आणि चाक हातभर बाजूला सरकतं. मी पुढे झुकून धरायचे एरोबार सोडून ब्रेकजवळची पकड घेतली. काही मिनिटं गेली, त्याची मला खंत नाही.

पुन्हा क्वीन काआहुमानू हायवेवर आलं की दुपार चढलेली असते, लाव्हा तापलेला आणि वारा पुष्कळदा परत समोर. 2018 साली इथला वारा नरम होता. त्या दिवशी कॅमेरॉन वर्फने सायकलचा टप्पा 4:09:06 मध्ये संपवला आणि पॅट्रिक लांगेने कोनात पहिल्यांदा आठ तासांच्या आत स्पर्धा पूर्ण केली. माझ्या वाट्याला तसा दिवस नव्हता. शेवटच्या तीस किलोमीटरांत मान उचलवत नव्हती, पण वॅटचा आकडा सकाळचाच होता आणि पुढचे 42.2 किलोमीटर धावण्यासाठी पाय शिल्लक होते.