पावलातील नाडी

नाडी मनगटावरच पाहावयाची, असा आपला समज. पावलालाही दोन नाड्या आहेत. अंगठा वर उचलला की ताठ दिसणाऱ्या कंडरेच्या बाहेरच्या अंगाला एक, आतल्या घोट्यामागे दुसरी. पहिली काही निरोगी माणसांतही लागत नाही; म्हणून दुसरी अवश्य पाहावी.

मधुमेहात सर्वांत लांब मज्जातंतू आधी दुखावतात, त्यामुळे बधिरता बोटांपासून चढते. तळव्याचे लहान स्नायू रोडावतात, बोटे आकड्यासारखी वाकतात, भार चवड्यावर येऊन घट्टा पडतो. त्याखालची जखम दुखतच नाही. 'पाय दुखत नाही, डॉक्टर' असे मधुमेही म्हणाला की मी आधी मोजे उतरवावयास सांगतो.

आजोबांचे तळवे रोज उजेडात पाहा, बोटांच्या बेचक्याही. भोवरी ब्लेडने कापू देऊ नका. जखम दिसल्यास त्याच दिवशी दाखवा.