बटाटा आणि त्याची पाकोळी

मी भाषेचा अभ्यासक. कीटकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि ‘बटाटा’ या शब्दाचा माग घेताना एका लहानशा पाकोळीशी माझी गाठ पडली. तिची ओळख करून देणे अस्थानी ठरू नये.

बटाटा दक्षिण अमेरिकेतला. त्याचे नाव आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणले. ही पाकोळीही त्याच खंडातली. परंतु ती आली फार उशिरा, १९०६ मध्ये, इटलीहून मागविलेल्या बियाण्याच्या बटाट्यांतून, मुंबई इलाख्यात. आपला बेळगाव जिल्हा त्या वेळी याच इलाख्यात होता.

शास्त्रज्ञ तिला ‘फ्थोरिमिया ऑपरक्युलेला’ म्हणतात. पसरलेल्या पंखांची रुंदी अवघी १२ ते १६ मिलिमीटर. पुढचे पंख अरुंद, करड्या-तपकिरी रंगाचे, काळसर ठिपक्यांचे. मागच्या पंखांना केसांची झालर. आज उष्ण प्रदेशांत बटाटा पिकतो तेथे बहुधा ती आढळते. तंबाखूवरही तिची उपजीविका चालते.

मादी बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते. अळी आत शिरून गर पोखरते. डोळ्याशी काळसर विष्ठा दिसली की ओळखावे. वखारीत तिची पिढीमागून पिढी वाढते आणि शेतकऱ्याचे वर्षाचे कष्ट सडून जातात. म्हणून रोपांना मातीची भर द्यावी, काढलेला माल रात्री शेतात उघडा ठेवू नये आणि शक्य तर शीतगृहात साठवावा.

परका शब्द भाषेला समृद्ध करतो. परके बियाणे मात्र पारखूनच घ्यावे लागते. परदेशांतून येणाऱ्या किडींना अटकाव करणारा कायदा हिंदुस्थानात १९१४ मध्ये झाला. तोवर ही पाकोळी येथे येऊन आठ वर्षे लोटली होती.