मैत्रिणीच्या बाळाची वाटी



आजचा विषय जरा नाजूक आहे. गटात हप्त्यावरून वाद झाला तर आपण वही उघडतो, आकडे बघतो आणि वाद मिटतो. पण एकीने दुसरीच्या लेकराच्या खाण्यावरून शब्द काढला तर? "तू पोराला हे काय देतेस?" एवढं एक वाक्य. ऐकणाऱ्या आईला ते "तू चांगली आई नाहीस" असंच ऐकू येतं. मग बोलणं बंद होतं, एकमेकींच्या दारात जाणं बंद होतं. कधीकधी बाई गटाच्या बैठकीलाही येईनाशी होते.

आम्ही ज्या गटांबरोबर काम करतो त्यातल्या एका गटात असंच झालं. दोघी शेजारणी, एकाच वर्षी बाळंत झालेल्या. एकीचं बाळ दहा महिन्यांचं. दिवसभर त्याच्या पोटात चहात बुडवलेलं बिस्कीट, बाटलीतून पाणी घातलेलं म्हशीचं दूध आणि रडलं की दुकानातलं पाच रुपयांचं पुडकं. दुसरीला ते बघवेना. तिने बारा जणींच्या बैठकीत ते बोलून दाखवलं. पहिली उठून गेली आणि पुढच्या तीन बैठकांना आलीच नाही. बचतीचे पैसे दिराच्या मुलीबरोबर पाठवायची.

बोलणारीचं चुकलं का? तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तरी त्या बोलण्याने बाळाच्या वाटीत एक घाससुद्धा वाढला नाही. म्हणून दोन गोष्टी समजून घेऊ. मैत्रीण बाळाला जे देते त्यातलं कशाबद्दल बोलायचं आणि कशाबद्दल गप्प बसायचं, ही एक. आणि बोलायचं तर कसं, ही दुसरी.

आधी गप्प बसायच्या गोष्टी. प्रत्येक घराची रीत वेगळी असते. कुणी उष्टावण भाताने करतं, कुणी खिरीने. कुणी नाचणीची पेज देतं, कुणी ज्वारीच्या कण्या. कुणाच्या घरी अंडं चालतं, कुणाच्या घरी चालत नाही. कुणाचं बाळ हाताने सांडत-लवंडत खातं, कुणी मांडीवर घेऊन भरवतं. यातलं काहीही चूक नाही. आणखी एक, दोन वर्षांचं मूल अंगावर पीत असलं की बायका हसतात. हसू नका. वरचं खाणं सुरू ठेवून दोन वर्षं आणि त्यानंतरही आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आपल्या घरी असं करत नाहीत, एवढ्यानेच ते चुकीचं ठरत नाही.

आता बोलायच्या गोष्टी. त्यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही, बाळाच्या वाढीचा प्रश्न आहे.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. वरचं पाणी नाही, बाळगुटी नाही, मध नाही. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचाही नाही. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात त्यांचं विष तयार होतं आणि बाळाचं अंग लुळं पडू शकतं.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू करायचं. दात यायची वाट बघायची नाही. बाळ हिरड्यांनी मऊ अन्न चावतं. सहा महिन्यांनंतर एकटं आईचं दूध पुरत नाही, त्यातलं लोह तर फारच कमी पडतं. बाळ चिडचिडं होतं, सारखं अंगावर येतं, आणि आपण म्हणतो, "दूधच कमी पडतंय." कमी पडतो तो घास.

किती द्यायचं? ज्या वाटीत पाव लिटर पाणी मावतं ती वाटी डोळ्यांपुढे आणा. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी, तीन-चारदा. वर्षानंतर दोन वर्षांपर्यंत पाऊण ते एक वाटी, तीन-चारदा, आणि मधे एक-दोनदा केळ्यासारखं काही. आईचं दूध या सगळ्याबरोबर चालूच.

आणि कसं द्यायचं? घट्ट. इथे घराघरात गफलत होते. वरणाचं पाणी, भाताची पेज, पातळ दूध. बाळाचं पोट लहान, ते पाण्यानेच भरतं आणि अंगाला काही लागत नाही. चमचा तिरका केला तर अन्न लगेच ओघळू नये, एवढं घट्ट हवं. डाळीचं पाणी नाही, डाळच कुस्करून द्यायची. वर चमचाभर तेल किंवा तूप. शेंगदाणे द्यायचे तर बारीक कूट करून अन्नात मिसळायचे. अख्खा दाणा कधीच नाही, तो घशात अडकतो.

चहा बाळाला द्यायचाच नाही. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही आणि भूकही मरते. बिस्किटात मैदा आणि साखर, पुडक्यात मीठ आणि तेल. त्याने पोट गच्च होतं आणि खरं जेवण राहून जातं. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नको, अन्न शिजवताना त्यात थोडं घातलं तर चालतं. आणि बाटली तर नकोच. तिचं बूच आणि कोपरे नीट निघत नाहीत, जंतू राहतात, बाळाला जुलाब लागतात. दूध-पाणी पाजायला वाटी-चमचाच बरा.

काही घरी उलटंच असतं. कमाईतले पैसे काढून दुधाच्या पावडरीचा महागडा डबा आणतात आणि आईला वाटतं, आपण लेकराला सगळ्यात भारी देतोय. तिला रागावू नका, एक माहिती सांगा. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. बाळाच्या दुधाची पावडर, दुधाच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचं डबाबंद अन्न यांची जाहिरात करायला बंदी आहे. अशा डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्रही छापता येत नाही. आईला भुरळ पडू नये म्हणूनच सरकारला हा कायदा करावा लागला.

आता बोलायचं कसं, ते बघू. त्यासाठी त्या दोघींच्या गोष्टीकडे परत जाऊ.

तीन बैठका झाल्यावर आम्ही त्या आईच्या घरी गेलो. बाळाच्या खाण्याचा विषय काढला नाही. तिचा दिवस कसा जातो, एवढंच विचारलं. दिवस कांदा लागणीचे होते. सकाळी सातला गाडी यायची, संध्याकाळी सहाला ती घरी. घरी आजेसासू, वय झालेलं, दिसायला कमी. घट्ट अन्न भरवलं आणि बाळाला ठसका लागला तर आपल्याला कळायचं नाही, याची त्यांना धास्ती. म्हणून भिजलेलं मऊ बिस्कीट आणि बाटली. सकाळी खिचडी करून ठेवली तर उन्हाने दुपारपर्यंत आंबायची. ती बाई म्हणाली, "ताई, मला काय कळत नाही का? अंगणवाडीत सांगतात ते समदं ऐकलंय मी. पण दुपारी भरवायचं कुणी?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न नीट ऐका. तिला माहिती होती. तिच्याकडे दुपार नव्हती. आपण ज्याला अडाणीपणा समजतो ती पुष्कळदा वेळेची, हाताची, पैशाची अडचण असते. म्हणून पहिला नियम हा, आधी विचारायचं, मग सांगायचं. "बाळाला दुपारी कोण बघतं? खातं का नीट? तुला काय अवघड जातं?" उत्तर मिळालं की निम्मा वाद तिथेच मिटतो.

दुसरा नियम, चारचौघींत नाही. सासूसमोर नाही, जावेसमोर तर नाहीच. पाण्याला जाताना, शेतातून येताना, दोघीच असताना बोला.

तिसरा नियम, आपल्या बाळाशी तुलना नाही. "माझं बघ कसं गुटगुटीत आहे" हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. त्याऐवजी कार्ड बघा. वर म्हटलं ना, हप्त्याचा वाद वही बघून मिटतो? बाळाचीही वही असते. गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड. त्यात वजनाचा तक्ता आहे, मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून तिथे टिंब द्यायचं आणि टिंबं जोडायची. रेघ वर चढतेय तर बाळ वाढतंय, मग ते अंगाने बारीक का असेना. रेघ आडवी पडली किंवा खाली वळली तर खाण्यात काहीतरी कमी पडतंय, मग ते दिसायला गुटगुटीत का असेना. कार्ड बोललं की मैत्रिणीला बोलावं लागत नाही. वजन केलं की दृष्ट लागते म्हणून काही जणी टाळतात. त्यांना सांगा, दृष्ट काढायची तर जरूर काढा, पण वजन करून आल्यावर.

त्या बाळाचं कार्ड आम्ही तिघींनी मिळून उघडलं. आठव्या महिन्यापासून रेघ आडवी होती. आई बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली.

चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा. नुसतं सांगायचं नाही, त्यातलं थोडं काम अंगावर घ्यायचं. ज्या शेजारणीने बैठकीत तोंड उघडलं होतं, तिला आम्ही विचारलं, "तू दुपारी घरी असतेस. तुझ्या बाळाला भरवतेस तेव्हा त्यालाही दोन घास भरवशील का?" ती लगेच हो म्हणाली. मग गटातल्या बायकांनी मिळून पीठ केलं. तीन वाट्या नाचणी आणि तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, अर्धी वाटी शेंगदाणे. सगळं वेगवेगळं भाजून, शेंगदाण्याची सालं काढून, बारीक दळून डब्यात भरलं. हे कोरडं पीठ उन्हातही टिकतं. दुपारी शेजारीण त्यातलं दोन-तीन चमचे पाण्यात घट्ट शिजवते, तेल घालते आणि दोन्ही बाळांना समोरासमोर बसवून भरवते. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत संपवायचं, उरलेलं बाळासाठी ठेवायचं नाही. आजेसासू जवळच बसतात आणि बाळाशी बोलतात. भरवायचं काम दुसरीच्या हातात गेल्याने त्यांची धास्तीही गेली.

आई कामावरून आली की अंगावर पाजते आणि रात्री आपल्याच ताटातली भाकरी दुधात, वरणात कुस्करून भरवते. बाटली बंद झाली. बिस्कीट अजून पूर्ण सुटलेलं नाही, आजेसासूंचा हात कधीमधी डब्याकडे जातोच. पण दोन महिन्यांनी रेघ परत वर वळली. आणि बैठकीत त्या दोघी पुन्हा शेजारीशेजारी बसतात.

मात्र काही वेळा नियम बाजूला ठेवायचे. मैत्रिणीला राग येईल का, हा विचारही करायचा नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर अंगणवाडीच्या पट्टीवर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, दोन्ही पावलांवर सूज आली, बाळ दूधही ओढेना, किंवा सारखं झोपून राहायला लागलं, तर त्याच दिवशी आशाताईंना बोलवा आणि बाळाला दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. जुलाब होत असतील तर ओआरएसचं पाणी लगेच सुरू करा, अंगावरचं दूध आणि खाणं बंद करू नका. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात, त्या चौदा दिवस पूर्ण द्यायच्या. जुलाब थांबले म्हणून मधेच सोडायच्या नाहीत.

आणखी एक. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा मिळतो. तो बाळाचा आहे. तो सगळ्या घराच्या डब्यात गेला तर बाळाच्या वाटीला थोडाच येतो. आणि बाळ तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात असताना आशाताई घरी येतात. त्या येतील तेव्हा आजी, आत्या, काकू, जी कोणी बाळाला दिवसभर बघते, तिला शेजारी बसवा. भरवणारा हात तिचा आहे, म्हणून माहितीही तिलाच हवी.

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. कर्ज आणि बचत झाली की पाच मिनिटं काढा. ज्यांच्या घरी दोन वर्षांच्या आतलं बाळ आहे त्यांना एकच विचारा, "दुपारी बाळाला कोण भरवतं?" कुणाला दोष द्यायचा नाही, सल्लाही द्यायचा नाही. नुसतं ऐका. आणि ज्या बाळाच्या दुपारला कुणी नाही, त्याच्यासाठी गटातली कोण हात पुढे करते ते बघा.

आता आम्ही निरोप घेतो. पुढच्या वेळी घरच्या घरी भाजणीचं पीठ कसं करायचं आणि किती दिवस ठेवायचं, ते सविस्तर सांगू. रामराम.