चिपेची सहनशक्ति

आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें, ती आपल्या घरांतील कितीतरी यंत्रांत आहे. पण ती आपण उघड्या डोळ्यांनीं क्वचितच पाहिली असेल. काळ्या ठोकळ्यास दोन्ही बाजूंनीं पाय फुटावेत असें तिचें रूप. तिला चिप म्हणतात. तिची सारी भाषा दोन शब्दांची : 'शून्य' आणि 'एक'. हे शब्द ती विजेच्या दाबानें बोलते. दाब कमी असला तर शून्य, अधिक असला तर एक. पण कमी म्हणजे किती आणि अधिक म्हणजे किती? आणि बोलतांना तिला किती श्रम सोसतात? सारी गोम या दोन प्रश्नांत आहे.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. हा विषय मला नातवामुळें शिकावा लागला. गेल्या वर्षीं शाळेच्या प्रदर्शनासाठीं त्यानें आठ दिव्यांची पाटी केली. ७४एचसी५९५ या नांवाची एक चिप, तिच्या आठ पायांना आठ लाल एलईडी, आणि प्रत्येकीस २२० ओहमचा रेझिस्टर. माहितीपत्रकांत एका पायाची कमाल मर्यादा ३५ मिलिअँपिअर दिली होती. मीं हिशेब मांडला : पुरवठा ५ व्होल्टांचा, त्यांतून दिव्याचे २ वजा जातां उरले ३, त्यांस २२० नें भागलें कीं १३ हून किंचित् अधिक मिलिअँपिअर. मर्यादेच्या निम्मेही नाहीं! मीं खुशाल संमति दिली. घरीं दिवे एकामागून एक पळत होते, तोंपर्यंत सर्व यथास्थित चाललें. प्रदर्शनांत मात्र आठही दिवे एकदम लावून ठेवले. थोड्याच वेळांत चिपेवर बोट ठेववेना, आणि एक दिवा कांहीं केल्या विझेना. पोराच्या तोंडाकडे मला पाहवेना.

घरीं येऊन तेंच कोष्टक पुन्हा वाचलें. कांहीं ओळी खालीं दुसरा आंकडा होता : सबंध चिपेंतून मिळून ७० मिलिअँपिअर. आंतील विरोध जमेस धरून दिव्यामागें १२ मिलिअँपिअर मानले, तरी आठांचे ९६ होतात! प्रत्येक पाय आपल्या मर्यादेंत होता. सर्वांचा भार मिळून जेथून जातो ती वाट मात्र अपुरी पडली.

पण खरी चूक याहून खोल होती. माहितीपत्रकांत दोन निरनिराळीं कोष्टकें असतात. पहिलें कमाल मर्यादांचें. त्यांपलीकडे गेल्यास चिप बिघडण्याचा संभव असतो, इतकाच त्याचा अर्थ. त्या मर्यादेवर ती नीट काम करील असें वचन त्यांत नसतें. दुसरें कोष्टक वापरण्याच्या परिस्थितीचें. या जातीच्या चिपा २ ते ६ व्होल्टांवर वापराव्या असें तें सांगतें. पहिल्यांतील ७ हा आंकडा वापरण्यासाठीं नव्हेच. दोर किती भारानें तुटतो हें ठाऊक असलें, म्हणून रोज तेवढाच भरलेला पोहरा कोणी ओढीत नाहीं. शिवाय मर्यादा ओलांडलेली चिप लगेच मरतेच असें नाहीं. जखमी होऊन ती कांहीं दिवस काम करीत राहते आणि मग भलत्या वेळीं दगा देते.

आतां दाबाकडे वळूं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची ७४०० ही प्रसिद्ध मालिका १९६६ सालीं निघाली. ५ व्होल्टांवर चालणाऱ्या त्या चिपांचा करार असा : ऐकणारीनें ०.८ व्होल्टपर्यंत शून्य समजावें आणि २ व्होल्ट वा अधिक असतां एक. मधल्या दाबाबद्दल कोणीच जामीन नाहीं. बोलणारीनें मात्र शून्य म्हणतांना ०.४ च्या वर जाऊं नये, आणि एक म्हणतांना २.४ च्या खालीं येऊं नये. दोन्हीकडे ०.४ व्होल्टांची ही सूट कशाला? पंखा वा मिक्सर सुरू होतांच तारांत जो गोंधळ उठतो तो पचविण्याला. ३५ गुणांवर उत्तीर्ण होतां येतें म्हणून नेमका ३५ वरच डोळा ठेवणारा विद्यार्थी कोठें अडतो, हें मीं पुष्कळ वर्षें पाहिलें आहे.

पुढें निघालेल्या एचसी जातीच्या चिपा अधिक कडक कानाच्या. ५ व्होल्टांवर त्यांना 'एक' पटण्यास सुमारें ३.५ व्होल्ट लागतात, जुनीचे २.४ त्यांना पुरत नाहींत. म्हणून जुन्या करारानें ऐकणारी एचसीटी ही तिची बहीण तयार झाली. आजची अनेक यंत्रें ३.३ व्होल्टांवर चालतात. तसल्या यंत्राचा शब्द एचसीला ०.२ नें कमी पडतो, तरी टेबलावर बहुधा चालतो. फसगत होते ती यामुळेंच. उलट, ३.३ व्होल्टांच्या चिपेस ५ व्होल्ट देणें याहून वाईट. पुरवठ्यापेक्षां साधारण अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब आला, कीं पायाशीं बसविलेली संरक्षक वाट उघडते आणि नको तो प्रवाह आंत शिरतो. पांच व्होल्ट सोसण्याची सोय असल्याचें माहितीपत्रक स्पष्ट सांगत असेल, तरच हें करावें.

प्रवाहाची एक गंमत राहिली. जुनी ७४०० 'शून्य' म्हणतांना १६ मिलिअँपिअर आंत ओढून घेऊं शकते. 'एक' म्हणतांना मात्र जेमतेम ०.४ बाहेर देते. घेण्यास उदार, देण्यास कृपण! म्हणून त्या काळीं दिवा पुरवठा आणि चिप यांच्यामध्यें जोडीत, आणि चिप शून्य म्हणाली कीं तो लागे. तिच्याच जातीची ऐकणारी 'शून्य'च्या वेळीं १.६ मिलिअँपिअर मागते, म्हणजे एका बोलणारीस दहाच श्रोते.

नातवानें पाटी पुन्हा जोडली. आतां २२० च्या जागीं हजार ओहमचे रेझिस्टर आहेत. दिव्यामागें सुमारें ३ मिलिअँपिअर, आठांचे मिळून २४. उजेड थोडा कमी झाला; पण खोलींत पुरेसा दिसतो आणि आठही दिवे लागलेले असतां चिप हातास गार लागते. ती जुनी चिप मीं टाकली नाहीं. माझ्या चष्म्याच्या घरांत ठेविली आहे.