कोल्हापूरच्या धावपट्टीवर कोणतं विमान?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी १३७० मीटरवरून १९३० मीटर झाली, तेव्हापासून मला एकच प्रश्न ऐकू येतो: "आता एअरबस कधी?"

आधी एक हिशेब बघा. समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, पूर्ण वजनाच्या एटीआर ७२ या छोट्या प्रवासी विमानाला उड्डाणासाठी साधारण १३०० मीटर लागतात. एअरबस ए३२० ला सुमारे २१००. पण कोल्हापूर आहे ६०० मीटर उंचीवर. नियोजनाचा ठोकताळा असा, की दर ३०० मीटर उंचीला लांबी ७ टक्के वाढवायची आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा हवा जितके अंश गरम, तितके टक्के आणखी. इथलं प्रमाण तापमान ११ अंश. उन्हाळ्यातली दुपार ३७ अंशांची धरली, तर एटीआरचा आकडा १८५० च्या पुढे जातो. म्हणजे १९३० मीटर त्याच्या मापाचे! ए३२० मात्र ३००० मीटर मागतं. पण मुंबई किंवा बंगळुरूसारख्या जवळच्या शहरांच्या फेरीला इंधन कमी लागतं, वजन घटतं, म्हणून त्याहून बरीच कमी लांबी पुरते.

पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीनुसार दोन्ही विमानं विमानतळ-नियोजनातल्या 'सी' गटातच येतात. तरी मोठं विमान आलं की अग्निशमनाची श्रेणी पाचवरून सहावर जाते, आणि सत्तरऐवजी एकशे ऐंशी प्रवासी एकदम उतरतात. सामानाचे पट्टे, सुरक्षा तपासणी, पार्किंग सगळंच वाढवावं लागतं.

माझं स्पष्ट मत: आज एटीआरच्या रोजच्या फेऱ्या वाढवा, पण जागा मोठ्या विमानासाठी आत्ताच राखा. टर्मिनल नंतर वाढवता येतं. धावपट्टीच्या टोकाशी घरं उभी राहिली की ती जमीन परत मिळत नाही.