नऊ थर लागले, उतरले का?

गोपाळकाल्याच्या दिवशी मुंबई-ठाण्यात घराबाहेर पडलं, की ट्रक, टेम्पो आणि मोटारसायकलींचा एखादा ताफा हमखास आडवा येतो. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे, मंडळाचं नाव छापलेले टी-शर्ट. हे गोविंदा पथक. एरवी कुणी कॉलेजात, कुणी कारखान्यात, कुणी पार्सलं पोचवण्याच्या कामावर. आजचा दिवस मात्र पथकाचा.

तयारी गुरुपौर्णिमेपासून सुरू झालेली असते. दिवसा कुणाला सवड नसते, म्हणून सराव रात्री, जेवणं उरकल्यावर, चाळीच्या पटांगणात किंवा जवळच्या मैदानात. काल्याच्या दिवशी पहिला मान गल्लीतल्या हंडीचा. मग दादर, घाटकोपर करत मोर्चा ठाण्याकडे वळतो. तिथे आनंद दिघे यांनी सुरू केलेली टेंभी नाक्याची हंडी असते, पुढे वर्तकनगर. वडापाव ट्रकमध्येच उरकायचा, कारण नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. मोठ्या ठिकाणी बहुतेक पथकं हंडी फोडतही नाहीत. थर लावायचे, सलामी द्यायची, उतरायचं आणि पुढचा नाका गाठायचा.

लांबून हा नुसता दंगा वाटतो. जवळ गेलं की त्यातली शिस्त दिसते. तळातले गडी एकमेकांच्या खांद्यांत हात अडकवून माना खाली घालतात. वर काय चाललंय हे त्यांना दिसत नाही. त्यांचं सगळं लक्ष कानांवर येणाऱ्या शिट्टीकडे. त्यांच्यामागे छाती भिडवून उभा राहिलेला घेर तळाला आधार देतो आणि कुणी घसरलंच तर त्याला झेलतो. चढणारा पाय खांद्याच्या टोकावर न ठेवता मानेजवळ ठेवतो, म्हणजे वजन सरळ खाली जातं. जितकं वर, तितकी माणसं कमी आणि हलकी. शेंड्यावरचा एकटा म्हणजे एक्का. वरच्या चारही थरांत एकेकच गडी असेल, तर ते ‘चार एक्के’.

जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावले. ४३.७९ फुटांच्या त्या मनोऱ्याची गिनेस बुकात नोंद झाली. २०२५ मध्ये कोकण नगर पथकाने ठाण्यातच दहा थर रचले. उंचीबरोबर धोकाही वाढत गेला आणि प्रकरण कोर्टात पोचलं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्यांना मनाई केली. २०१७ मध्ये उंचीची अट गेली, वयाची मर्यादा १४ वर आली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदांसाठी विमाही आला. हेल्मेट आणि एक्क्याच्या कमरेचा दोर आता सवयीचे झालेत.

तरी चर्चा चढण्याचीच होते. खरी कसोटी उतरताना असते. तोवर तळाचे पाय थरथरायला लागलेले, वरून पाण्याचा मारा आणि सलामी झाल्याच्या आनंदात लक्ष उडालेलं. एका थराने घाई केली तरी अख्खा मनोरा बसतो. स्पेनच्या कातालोनियातही असेच मानवी मनोरे रचतात. २०१० मध्ये युनेस्कोने त्या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. तिथे नुसता रचलेला मनोरा आणि रचून नीट उतरवलेला मनोरा यांची नोंद वेगवेगळी होते. दुसऱ्याचा मान मोठा.

आपल्याकडे बक्षिसांच्या फलकावर मोठ्या अक्षरांत झळकते ती थरांची संख्या. आयोजकांनी त्याखाली एक अट घालायला हरकत नाही: शेवटचा गडी जमिनीवर टेकल्याशिवाय बक्षीस नाही. लाखांची बक्षिसं लावणाऱ्यांना यासाठी जादा रुपयाही लागणार नाही. एक्क्याने हात उंचावला की डीजे आणि निवेदक लगेच सुरू होतात. त्यांनी आणखी मिनिटभर दम धरला, तर तळाच्या गड्यांना शिट्टी तरी ऐकू येईल.